लिस्बन ते माद्रिद: अंतर नेमकं किती, विमानाला वेळ किती?

ओंजळ

नमस्कार मंडळी. आई-बाबा पुढच्या महिन्यात लिस्बनहून माद्रिदला जातील आणि त्याच दिवशी माद्रिदहून दोहामार्गे मुंबईचं विमान धरतील. मुंबईचं तिकीट काढून झालंय, माद्रिदहून दुपारी ३:३० ला सुटतं. लिस्बन–माद्रिद तिकीट वेगळं काढायचंय आणि तिथेच घोडं अडलंय, कारण कुठलेच आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

अंतर एका ठिकाणी ५०३ किमी आहे, दुसरीकडे ५१४ आणि नकाशावर ६२५ च्या पुढे. उड्डाणाचा वेळ कुणी ५५ मिनिटं देतं, कुणी १ तास २० मिनिटं. वेळापत्रक बघावं तर लिस्बनहून ९:०५ ला निघालेलं विमान माद्रिदला ११:२५ ला पोचतं, म्हणजे २ तास २० मिनिटं. उलट दिशेचं १०:०० ला निघून १०:२५ ला लिस्बनला! यातलं खरं काय धरायचं? दोघं सत्तरीच्या आसपास आहेत, दोन मोठ्या बॅगा आहेत. त्यापेक्षा रेल्वे बरी पडेल का?

पश्चिमवारा

तुम्ही दिलेले सगळेच आकडे बरोबर आहेत, फक्त प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली आहे.

आधी घड्याळ, कारण खरा घोटाळा तिथेच होतो. पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे असतं. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोन्ही देश एकाच क्षणी घड्याळं बदलतात, त्यामुळे हा एक तासाचा फरक वर्षभर कायम राहतो. वेळापत्रकात सुटण्याची वेळ सुटणाऱ्या शहराची आणि पोचण्याची वेळ पोचणाऱ्या शहराची छापतात. लिस्बनचे ९:०५ म्हणजे माद्रिदचे १०:०५. तिथून ११:२५ पर्यंत १ तास २० मिनिटं. उलट दिशेला माद्रिदच्या १०:०० पासून लिस्बनचे १०:२५, म्हणजे माद्रिदचे ११:२५, तर १ तास २५ मिनिटं. झाला हिशेब. (माद्रिद रेखांशाने ग्रीनिचच्याही पश्चिमेला आहे, खरं तर त्याचं घड्याळ लंडन-लिस्बनसारखं असायला हवं. १९४० साली फ्रँकोच्या सरकारने ते मध्य युरोपाच्या वेळेला नेऊन लावलं आणि ते आजवर तिथेच आहे.)

आता अंतर. ५०३ हे दोन शहरांच्या मध्यांमधलं सरळ अंतर, ५१४ हे दोन विमानतळांमधलं. बाराखास विमानतळ माद्रिदच्या ईशान्येला आहे, म्हणून दहा-अकरा किमीची भर पडते. ही दोन्ही अंतरं पृथ्वीच्या गोलावर मोजलेली, म्हणजे दोन बिंदूंमधला सगळ्यात जवळचा रस्ता. ६२५ हा मोटारीचा रस्ता.

विमान मात्र ५१४ किमी उडत नाही. लिस्बन–माद्रिदसारख्या लहान टप्प्यात प्रत्यक्षात पाच ते दहा टक्के जास्त उडतं, आणि त्याचं कारण धावपट्टीच्या दिशेत आहे. माद्रिदला वारा नेहमीसारखा उत्तरेकडचा असेल तर विमानं ३२ क्रमांकाच्या दोन समांतर धावपट्ट्यांवर उतरतात, म्हणजे आग्नेयेकडून येऊन वायव्येकडे तोंड करून. लिस्बनहून येणारं विमान तर नैर्ऋत्येकडून येतं. त्याला शहराच्या दक्षिणेला वळसा घालून आधी पूर्वेला जावं लागतं आणि मग डावीकडे वळून रांगेत शिरावं लागतं. लिस्बनलाही तसंच. तिथेही वारा बहुतेक वेळा उत्तरेचा, त्यामुळे विमानं दक्षिणेकडून, तेजो नदी ओलांडून, शहराच्या डोक्यावरून उतरतात. पूर्वेकडून येणाऱ्याला आधी दक्षिणेला जाऊन फिरावं लागतं. खिडकीतून बघणाऱ्याला वाटतं विमान उगाच घिरट्या घालतंय, पण तोच तिथला ठरलेला मार्ग आहे.

आता ५५ मिनिटं आणि १:२० मधला फरक. ५५ म्हणजे चाकं जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत. वेळापत्रकातला वेळ मात्र विमान गेटवरून मागे ढकलल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. त्यात लिस्बनला धावपट्टीपर्यंत सरकत जाणं आणि रांग मिळून १० ते १५ मिनिटं, माद्रिदला उतरल्यावर गेटपर्यंत ५ ते १० मिनिटं, आणि वर कंपनीने राखून ठेवलेली थोडी सूट.

५१४ ला ८५० ने भागून ३६ मिनिटं काढणारे बरेच भेटतात. ते चुकतं, कारण इतक्या लहान टप्प्यात विमान पूर्ण वेगाने फारच थोडा वेळ उडतं. वर चढायला सुमारे २० मिनिटं, आणि उतरण्यासाठी जवळपास २०० किमी आधीपासून खाली यायला सुरुवात. मधे सपाट उड्डाण उरतं दहा-पंधरा मिनिटांचं. सरासरी वेग ताशी ६०० किमीच्या आसपासच पडतो.

युरोपातल्या कुठल्याही जोडीसाठी चालणारा ठोकताळा: सरळ अंतराला ८०० ने भागा, आलेल्या वेळात ४० मिनिटं मिळवा. लिस्बन–माद्रिद ३८ + ४० = ७८ मिनिटं. लंडन–अथेन्स सुमारे २,४०० किमी, म्हणून ३ तास ४० मिनिटं. पॅरिस–अॅमस्टरडॅम सुमारे ४०० किमी, म्हणून १ तास १० मिनिटं. वेळापत्रकाशी पाच-दहा मिनिटांत जुळतं. वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून पूर्वेकडे जाताना थोडं कमी धरा आणि पश्चिमेकडे थोडं जास्त. लिस्बन–माद्रिदमध्ये हा फरक पाचेक मिनिटांचा. चार तासांच्या उड्डाणात तो अर्ध्या तासापर्यंत जाऊ शकतो.

धुरांडे

रेल्वेचं मी सांगतो. मला रेल्वे मनापासून आवडते, तरी या प्रवासाला ती घेऊ नका.

दोन्ही राजधान्यांमध्ये आज थेट गाडी नाही. 'लुझितानिया' नावाची रात्रीची गाडी होती. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे बंद झाली ती पुन्हा सुरूच झाली नाही. आता जायचं तर लिस्बनच्या सांता आपोलोनिया किंवा ओरिएंते स्थानकावरून एन्त्रोंकामेंतो, तिथे गाडी बदलून सीमेपलीकडे बादाखोस, तिथे पुन्हा बदलून माद्रिद. एन्त्रोंकामेंतो ते बादाखोस हा मार्ग अजून पूर्ण विजेचा नाही, डिझेलवर चालणारी छोटी गाडी धावते आणि तीही दिवसाला एखाद-दुसरीच. ती चुकली की दिवस गेला. सगळं जुळून आलं तरी नऊ तासांच्या घरात प्रवास जातो. तिकीटही एकाच खिडकीवर मिळत नाही. पोर्तुगालच्या भागाचं पोर्तुगीज रेल्वेकडे आणि स्पेनच्या भागाचं रेन्फेकडे काढावं लागतं. पहिली गाडी उशिरा आली तर दुसरी कंपनी तुमची जबाबदारी घेत नाही.

स्पेनच्या बाजूचं काम बरंच पुढे गेलंय. प्लासेंसिया ते बादाखोस हा नवा मार्ग जुलै २०२२ मध्ये सुरू झाला आणि नंतर त्याला वीजही आली. पोर्तुगालकडे एव्होरा ते एल्वासचा नवा मार्ग चालू झाला की चित्र खूप बदलेल. पण वेळापत्रकात गाडी दिसेपर्यंत त्याच्या भरवशावर बेत आखायचा नाही.

बसला साधारण आठ ते नऊ तास. ओरिएंते किंवा सेते रियोशहून निघते, माद्रिदला एस्तासिऑन सूर या बस स्थानकावर सोडते, तिथून पुन्हा विमानतळ गाठायचा. मोटारीचा रस्ता मात्र सुंदर आहे: ए-२ ने दक्षिणेला, मग ए-६ ने एव्होराजवळून एल्वास, सीमा ओलांडली की बादाखोसपासून स्पेनची ए-५, मेरिदा, त्रुखियो, तालाव्हेरा करत माद्रिद. न थांबता सहा तास. पोर्तुगालच्या बाजूला टोल आहे, ए-५ ला नाही. पण पोर्तुगालमध्ये भाड्याची गाडी घेऊन स्पेनमध्ये सोडली तर एकतर्फी सोडण्याचा आकार इतका लावतात की दोघांची विमान तिकिटं त्यात निघावीत.

दारापासून दारापर्यंत धरलं तर विमानाने साडेचार-पाच तास, मोटारीने सहा-सात, बसने दहा, रेल्वेने अकरा. बॅगा आणि वय बघता विमानच.

ओंजळ

दोघांचेही मनापासून आभार. घड्याळाचा घोळ आता सुटला. मग ९:०५ चं विमान घेतलं तर ११:२५ ते ३:३० असे चार तास हातात राहतात. पुरतील ना?

घाटमाथा

कागदावर पुरतात. पण ते चार तास नेमके कुठे जातात ते नीट बघा.

तिकिटं वेगळी असल्यामुळे बॅगा मुंबईपर्यंत जाणार नाहीत. माद्रिदला पट्ट्यावरून उचलायच्या, बाहेर यायचं, दोहाच्या विमानाच्या काउंटरवर पुन्हा द्यायच्या, पुन्हा सुरक्षा तपासणी, मग पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का किंवा नोंद.

बाराखासला टर्मिनल्स दोन टोकांना आहेत. टी१, टी२, टी३ एकमेकांना आतून जोडलेली, चालत जाता येतं. टी४ त्यांच्यापासून कित्येक किमी दूर. टी४ च्याही पलीकडे धावपट्ट्यांच्या मधोमध टी४एस नावाची वेगळी इमारत आहे आणि शेंगेनबाहेर (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) जाणारी बरीच लांब पल्ल्याची विमानं तिथून सुटतात. चेक-इन मात्र टी४ मध्येच होतं, नंतर जमिनीखालच्या आपोआप चालणाऱ्या गाडीने टी४एस ला जायचं. मुंबईच्या तिकिटावर टी४ किंवा टी४एस लिहिलंय का ते आज बघून घ्या.

तसं असेल तर लिस्बनहून इबेरियाचं विमान घ्या, ते टी४ लाच येतं. बॅगा खालच्या मजल्यावर घेतल्या की लिफ्टने वर चेक-इनच्या मजल्यावर, काम झालं. टाप (पोर्तुगालची विमान कंपनी) किंवा एअर युरोपाने आलात तर जुन्या टर्मिनल्सच्या बाजूला उतराल. तिथून टी४ ला फुकट बस आहे, पण बॅगा चढवा, उतरवा, वाट बघा यात अर्धा तास सहज जातो. तिकीट वीस युरोंनी स्वस्त मिळालं तरी सत्तरीच्या माणसांना या बसच्या खेपेत टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वेळेचा हिशेब असा: ११:२५ ला गेटवर. उतरून पट्ट्यापर्यंत चालत १५ मिनिटं, बॅगा यायला २० ते ३०. म्हणजे १२:१०. काउंटर साधारण तीन तास आधी उघडतो, म्हणजे १२:३०, आणि बहुतेक ६० मिनिटं आधी बंद होतो, म्हणजे २:३०. थोडक्यात तुमच्याकडे चार तास नसून दोन-सव्वादोन तासांचीच मोकळीक आहे. लिस्बनचं विमान दोन तास उशिरा आलं तर बॅगा हातात येईपर्यंत २:१० होतील आणि काउंटर बंद व्हायला जेमतेम वीस मिनिटं उरतील. बोर्डिंग पास आधीच ऑनलाइन काढला असेल तरी बॅगा द्यायच्या असल्यामुळे २:३० ची मर्यादा चुकत नाही.

पासपोर्टच्या रांगेला वेगळा वेळ ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकात नोंद करायची पद्धत आली आहे आणि बाहेर पडतानाही ती तपासली जाते. टी४ चं चेक-इन, सुरक्षा, भुयारी गाडी, पासपोर्ट मिळून सव्वा तास धरा.

बॅगांचं वजन हा दुसरा सापळा. आखाती कंपन्या भारताच्या तिकिटावर जास्त वजन देतात, म्हणून लोक एकाच बॅगेत २९-३० किलो भरतात. युरोपातल्या विमानात एका बॅगेला सहसा २३ किलो असतात, त्यावर जादा पैसे. ३२ किलोच्या वरची बॅग तर घेतच नाहीत, सामान उचलणाऱ्यांच्या आरोग्याचा नियम आहे तो. शिवाय सगळ्यात स्वस्त तिकिटात बॅगच नसते. तिकीट काढताना बॅगेसकट भाव बघा आणि ३० ची एक करण्यापेक्षा २२-२२ च्या भरा.

लिस्बनच्या विमानतळावर पोर्ट वाइन, ऑलिव्ह तेल घेऊ नका. माद्रिदला बाहेर येऊन पुन्हा सुरक्षा तपासणी असल्यामुळे १०० मिलीच्या वरचं हातातलं द्रव तिथे काढून घेऊ शकतात. शहरात घ्या, बॅगेत भरा.

आणि चाकाची खुर्ची मागवा, संकोच करू नका. युरोपीय कायद्याने ही मदत फुकट आहे. किमान ४८ तास आधी दोन्ही कंपन्यांना वेगवेगळं कळवावं लागतं, कारण तिकिटं वेगळी आहेत. पहिली मदत बॅगा घेऊन बाहेर येईपर्यंत, दुसरी चेक-इनपासून विमानापर्यंत.

पश्चिमवारा

घाटमाथा यांनी दोन तासांच्या उशिराचं म्हटलंय, त्याबद्दल थोडं. लिस्बनला वापरात असलेली धावपट्टी एकच आहे आणि ती दिवसभर भरलेली असते. नवा विमानतळ अल्कोशेतला बांधायचं २०२४ मध्ये ठरलंय, पण तो व्हायला बरीच वर्षं आहेत. एका विमानाचा उशीर मागच्यावर चढत जातो, म्हणून सकाळच्या पहिल्या विमानाचा भरवसा सगळ्यात जास्त आणि संध्याकाळच्या विमानांचा कमी.

आकाशात गर्दी असली की ब्रसेल्सहून युरोकंट्रोल ही युरोपची हवाई वाहतूक सांभाळणारी संस्था विमानाला उड्डाणाची ठरावीक वेळ देते. त्या वेळेच्या ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंत विमानाने जमीन सोडायलाच हवी, नाहीतर नवी वेळ मागावी लागते आणि ती बरीच पुढची मिळू शकते. म्हणूनच कधी कधी सगळे आत बसलेत, दार बंद आहे आणि विमान अर्धा तास जागचं हलत नाही. वैमानिक 'स्लॉट'ची वाट बघतोय असं सांगतो तो हाच.

उशिराची भरपाई मागताना तुमचं ते ५१४ किमी कामाला येतं. युरोपीय नियम २६१/२००४ मध्ये रक्कम अंतरावर ठरते आणि अंतर गोलावरचं सरळ मोजतात, विमान किती फिरलं ते नाही. १,५०० किमीपर्यंतच्या उड्डाणाला माणशी २५० युरो, पोचायला ३ तास किंवा जास्त उशीर झाला तर. पोचण्याची वेळ म्हणजे विमानाचं दार उघडलं ती, चाकं टेकली ती नाही. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने तसं ठरवून दिलंय. २ तास ५० मिनिटं उशिराने चाकं टेकली आणि ३ तास ५ मिनिटं उशिराने दार उघडलं तर हक्क लागू होतो, म्हणून दार उघडल्याची वेळ फोनवर टिपून ठेवा. यांत्रिक बिघाड ही सबब सहसा चालत नाही, वादळ किंवा हवाई नियंत्रकांचा संप चालतो. सुटायला २ तास किंवा जास्त उशीर झाला तर कारण काहीही असो, खाणं-पिणं द्यावंच लागतं. काउंटरवर जाऊन मागा, आपणहून क्वचितच देतात.

पण चुकलेलं मुंबईचं विमान यात कुठेच येत नाही. वेगळ्या तिकिटाचं नुकसान पहिली कंपनी भरून देत नाही, दुसरीच्या दृष्टीने प्रवासी आलाच नाही. म्हणून मुंबईच्या कंपनीला एकदा विचारा, फरक भरून लिस्बनपासून एकच तिकीट करून मिळतं का. मिळालं तर बॅगा थेट मुंबईपर्यंत आणि उशीर झाल्यास पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची.

घाटमाथा

ते जमलं नाही तर आदल्या दिवशी दुपारच्या विमानाने माद्रिद गाठा आणि बाराखास गावात रात्र काढा. मेट्रोच्या ८ क्रमांकाच्या मार्गावर टी१-टी२-टी३ आणि टी४ या दोन विमानतळ स्थानकांच्या मधे 'बाराखास' हे स्थानक आहे, तिथून टी४ एकाच स्थानकावर. साधी हॉटेलं आहेत, काही विमानतळावरून फुकट नेआण करतात, बुकिंग करताना विचारा. मेट्रोने गेलात तर विमानतळ स्थानकाचे माणशी ३ युरो तिकिटावर जादा लागतात. बॅगांसकट दोघांना टॅक्सीच सोयीची.

व्हिसाही आत्ताच काढून बघा. लिस्बन–माद्रिद शेंगेनच्या आतलं असल्यामुळे एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी चालतो, ते बाहेर पडणं धरत नाहीत. पासपोर्ट मात्र हातातल्या पिशवीत मूळ प्रत हवाच, विमानात चढताना बघतात. महत्त्वाचं म्हणजे व्हिसाची शेवटची तारीख आणि मुक्कामाचे मंजूर दिवस, दोन्ही. मुंबईचं विमान चुकून परतीचा दिवस पुढे गेला आणि व्हिसाचे दिवस त्याच रात्री संपत असतील तर नव्या तिकिटापेक्षा ती अडचण मोठी. दोन-तीन दिवस शिल्लक असतील तर काळजी नाही.

ओंजळ

तिकिटावर टी४एस लिहिलंय. व्हिसाचे नऊ दिवस शिल्लक राहतात. आदल्या दिवशीचं दुपारचं इबेरियाचं बघते, २३-२३ किलोच्या दोन बॅगांसकट.

धुरांडे

चांगला बेत. एकच राहिलं: माद्रिदला उतरल्यावर बाबांचं मनगटी घड्याळ एक तास पुढे करून घ्यायला सांगा. फोन आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ नाही, आणि दुसऱ्या दिवशी काउंटर बंद होण्याची वेळ ते हातातल्या घड्याळावरच बघतील. घरी फोन करतानाही हिशेब बदलतो. उन्हाळी वेळ चालू असताना भारत लिस्बनच्या साडेचार तास पुढे आणि माद्रिदच्या साडेतीन. हिवाळ्यात साडेपाच आणि साडेचार.